ताब्यात देऊ नये

सोमवारी दुपारी सव्वातीनला अनीशला संगणकाच्या पडद्यावर आपला चेहरा दिसला. आधी त्याला वाटलं, काचेत प्रतिबिंब पडलंय. तो जरा डावीकडं झुकला. चेहरा झुकला नाही. निळा शर्ट, विरळ मिशी, उन्हामुळं बारीक झालेले डोळे आणि उजव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं. बोटांच्या मागं हात नव्हता. कात्रीनं सरळ रेषेत कापून टाकला होता. त्यानं खुर्ची मागं सरकवली आणि उगीचच दाराकडं पाहिलं. दार लोटलेलंच होतं. खाली रस्त्यावर रिक्षावाला "गोडोली, गोडोली" म्हणून ओरडत होता. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त तो स्वतः आठ-नऊ वर्षांनी लहान होऊन शिराळ्याच्या एका शाळेच्या कागदावर चिकटलेला होता, आणि त्या शाळेत त्यानं आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं.

शाळेचं काम महिन्यापूर्वी आलं होतं. साताऱ्यात, पोवई नाक्यापासून जरा आत, झेरॉक्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्याचं एका खोलीचं ऑफिस. पतसंस्था, मंगल कार्यालयं, क्लासवाले, शाळा यांच्या वेबसाइटी तो करून द्यायचा. मुख्याध्यापिका संयोगिता मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "आमची जुनी साइट ज्यानं केली तो पुण्याला गेला हो, आता फोनच उचलत नाही. जुनं सगळं तसंच्या तसं घ्या आणि जरा चांगलं करून द्या." तसंच्या तसं घेणं सोपं होतं. त्यासाठी एक सॉफ्टवेअर मिळतं. त्याची खिडकी कुणालाही जमेल अशी; वर वेबसाइटचा पत्ता टाकायचा, खाली आपल्या संगणकावरची जागा सांगायची, पुढे, पुढे, सुरू. मग ते एका पानावरून दुसऱ्या पानावर, दिसेल त्या दुव्याला धरून चालत सुटतं आणि जे हाताला लागेल ते आणून टाकतं. बऱ्याच साइटींच्या दाराशी अशा यंत्रांसाठी एक चिठ्ठी ठेवलेली असते: अमुक खोलीत येऊ नये. ती पाळायची का, असं सॉफ्टवेअर आधी विचारतं. अनीशनं नेहमीप्रमाणं 'नाही'च्या चौकोनावर टिचकी मारली होती. पाळली तर चित्रं सुटतात, एवढंच त्याच्या मनात. मग चहा मागवून तो पडद्यावरून खाली वाहणारी फायलींची नावं बघत बसला. हे बघायला त्याला आवडायचं. कुणाच्या घरात न शिरता घर आपल्याकडं चालत येतं. आणि घरातल्यांना पत्ता नसतो.

एकवीसशे फायली आल्या. नागपंचमीला मुलांनी काढलेली नागांची चित्रं, स्नेहसंमेलन, स्काउटचा मेळावा, वार्षिक निकाल. त्यात एक फोल्डर असं होतं की ते साइटवर कुठंच दिसत नव्हतं. शोधल्यावर कळलं, पहिल्या पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक दुवा ठेवलेला होता, ऑफिसातल्या माणसांच्या सोयीसाठी. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नव्हता. सॉफ्टवेअरला रंग कळत नाहीत. फोल्डरात प्रवेश अर्ज होते, तीन वर्षांचे, पानं स्कॅन करून ठेवलेली. नाव, जन्मखूण, रक्तगट, आईबापांचे मोबाइल, घराची खूण. नीट उतरलंय का हे बघायला अनीशनं मधूनच एक उघडला, मग दुसरा, मग तिसरा. मुलीचं नाव माया, इयत्ता पहिली. डाव्या कानामागं तीळ. आईचं नाव सई, वडिलांचं सूरज. यापूर्वीचे पत्ते: जत, सांगली, विटा. अर्जाच्या शेवटी छापील प्रश्न होता, मुलाला कोणाच्या ताब्यात देऊ नये? बाकीच्या पालकांनी तिथं आडवी रेघ मारली होती. इथं लिहिलं होतं, 'सोबतचे पान पाहावे.' सोबतच्या पानावर चार फोटो होते आणि चौथा त्याचा होता.

अक्षर सईचंच, त्याच्या बहिणीचं. तिचा 'ई' लहानपणापासून शेपटी लांब काढणारा. त्यावरून शाळेत मार्क कापले जायचे. पहिल्या फोटोत आप्पा, म्हणजे त्या दोघांचे वडील. खाली लिहिलेलं, 'आजोबा आहे म्हणतील. रडून दाखवतील.' मग काका, 'मोठ्यानं बोलतात. घाबरू नये, पोलिसांना फोन करावा.' मग चुलतभाऊ धवल, 'स्वतः येणार नाही, दुसऱ्याला पाठवेल.' आणि अनीशच्या खाली, 'हा गोड बोलतो. याच्याशी बोलायला थांबूच नये.' अनीशनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि मग त्याला एकदम खांद्यावरची बोटं ओळखू आली. वाईला मावसभावाची मुंज होती, घाटाच्या पायरीवर उभं राहून काढलेला फोटो, शेजारी सई होती आणि तिनंच खांद्यावर हात ठेवला होता. स्वतःला तिनं कापून काढलं, पण बोटं कापली असती तर त्याचा खांदा गेला असता, आणि शाळेतल्या बाईंना माणूस नीट ओळखता यायला हवा.

आठ वर्षांत त्यानं या गोष्टीचा स्वतःपुरता एक निकाल लावून टाकलेला होता. त्या घरात आपण त्यातल्या त्यात बरे होतो, असा. आप्पांनी हात उगारला, काकांनी शिव्या घातल्या, आपण आवाजसुद्धा चढवला नाही. सूरज जतकडचा, घरी मेंढरं होती, साताऱ्यात वायरमनचं काम करायचा. त्याच्यावरून घरात जे बोललं गेलं त्यातला एक शब्दही अनीशच्या तोंडचा नव्हता. हे सगळं खरंच होतं. फक्त त्याच्या आधीचे दोन महिने तो या हिशेबात धरत नसे. सईचा लॅपटॉप बिघडला म्हणून त्यानं दुरुस्त केला, आणि दुरुस्त करताना तिच्या मेलचा पासवर्ड त्याच्याकडं राहिला. रोज सकाळी चहाबरोबर तो तिचं सगळं वाचायचा. वाईट हेतू नव्हता, नुसतं वाचायचा. ती समोर बसून पोहे खायची आणि तिच्या मनात काय चाललंय ते त्याला ठाऊक असायचं, आणि त्यात एक विलक्षण जवळीक वाटायची, सख्खी बहीण असूनही इतकी आधी कधी वाटली नव्हती. एक दिवस त्यात ती सूरजकडं निघून जायच्या एसटीची वेळ आली. ती त्यानं आप्पांना सांगितली.

उंब्रजच्या थांब्यावर त्यांनी एसटी गाठली होती. आप्पा आणि काका गाडीतच बसले, धवल एसटीच्या पुढं मोटारसायकल आडवी लावून उभा राहिला आणि वर चढायला अनीशला पाठवलं, कारण तिला तोच खाली आणू शकेल हे सगळ्यांना माहीत होतं. सई मागून तिसऱ्या बाकावर होती, मांडीवर पिशवी घेऊन. तो वाकून म्हणाला, "चल सई, खाली उतर. मी आहे ना." एसटीतली माणसं बघत होती. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग उतरली. उंब्रज ते सातारा पाऊण तास. मागच्या सीटवर काय होत होतं ते त्याला आरशात दिसलं असतं. तो पुढं बसला होता आणि हात लांब करून त्यानं रेडिओचा आवाज वाढवला होता. त्यानंतर चाळीस दिवस ती माडीवरच्या खोलीत. कुलूप आप्पांचं, जेवणाचं ताट मात्र अनीश न्यायचा. "होईल सगळं नीट," रोज म्हणायचा. एकेचाळिसाव्या दिवशी तिला वाईला मावशीकडं हवापालटाला नेलं. तिथून ती पहाटे घाटावर गेली आणि परत आली नाही.

संध्याकाळी तो घरी जेवायला बसला तेव्हा आप्पा समोर होते. आताशा ते वाकले होते, भाकरी चुरून दुधात भिजवून खायचे. आईनं आमटी वाढली. आप्पांनी सहज विचारलं, "शिराळ्याचं ते शाळेचं झालं का रे?" अनीशचा घास तोंडातच राहिला. "चाललंय," तो म्हणाला. "चांगलं गाव आहे," आप्पा म्हणाले आणि पुन्हा दुधात बोटं बुडवली. एवढंच. पण अनीशला वाटलं, शिराळा हा शब्द ताटावर तसाच लोंबकळतोय. आता आपण तोंड उघडलं तर त्याच्या मागून गल्ली येईल, गल्लीमागून दत्तमंदिर, दत्तमंदिराच्या मागचं दुसरं घर, हिरवं दार. अर्जात लिहिलेली घराची खूण त्याला शब्दन् शब्द पाठ झाली होती, आणि ती त्यानं पाठ केलेली नव्हती. आईनं विचारलं, आणखी वाढू का? त्यानं मान हलवली, तोंड मिटूनच.

मंगळवारी ऑफिसात आल्याआल्या त्यानं शाळेचं सगळं फोल्डर आपल्या संगणकावरून काढून टाकलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग मॅडमना फोन लावला. "मॅडम, तुमच्या साइटवर मुलांचे अर्ज उघडे पडलेत."

"उघडे म्हणजे?"

"कुणीही बघू शकतं. पत्ते, फोन, फोटो. पालकांनी लिहिलेलं सगळं."

मॅडम हसल्या. "आमच्या शाळेचे अर्ज कोण बघतंय हो? बरं, असू दे, तुम्हीच टाका काढून. पासवर्ड सांगते, लिहून घ्या." शाळेचं नाव आणि स्थापनेचं साल, एवढाच पासवर्ड होता. तो सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि एकदा येऊन जा की शाळेत. सारखं फोनवरच बोलतोय आपण. चहा घेऊ, मुलांना भेटा. तुम्हाला कोण अडवतंय?" अनीश "बघू" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्यांना तो नुसता 'वेबसाइटवाले अनीश सर' म्हणून माहीत आहे, आणि त्यांच्याच शाळेत कुठल्यातरी कपाटात त्याचा फोटो आहे, आणि या दोन माणसांची अजून गाठ पडलेली नाही.

सर्व्हरवर जाऊन त्यानं फोल्डर पुसलं. मग पांढऱ्यावरचा पांढरा दुवाही काढला. काम इथं संपत होतं. पण सर्व्हर कोण आलं, कधी आलं, काय उचलून नेलं याची नोंद ठेवतो, आणि ती नोंद तो उघडल्याशिवाय राहिला नाही. स्वतःचा सोमवार त्याला सापडला. ओळीखाली ओळ, दुपारी दोन ते तीन. तो वर सरकत गेला. सतरा दिवसांपूर्वी, अशाच एका दुपारी, आणखी कुणीतरी आलं होतं. सॉफ्टवेअर याच जातीचं. तीच चाल, पान धरून पान, मग पांढरा दुवा, मग अर्ज एकापाठोपाठ एक. मायाचा अर्ज. सोबतचं पान. साडेबारा मिनिटांत सगळं घेऊन ते निघून गेलं होतं. कोण, ते कळायला मार्ग नव्हता. एक आकड्यांचा पत्ता होता, तो मोबाइल कंपनीच्या मोठ्या जाळ्यातला, साताऱ्यातला असेल, सांगलीतला असेल, कुठलाही असेल.

धवलचा चेहरा आधी समोर आला. पण धवलला शिराळा कसं सुचेल? मग वाटलं, कुणीच नसेल. जगात अशी यंत्रं चालूच असतात, आणतात आणि टाकतात, पुन्हा कुणी त्याकडं वळूनही बघत नाही. बहुतेक तसंच असेल. तो खिडकीशी गेला, परत आला. आपणही काल सव्वातीनपर्यंत असेच कुणीच नव्हतो, हे त्याला आठवलं. सईला सांगायला हवं होतं. मॅडमकरवी सांगावं, तर आपलं नाव सांगावं लागेल. निनावी सांगावं, तर कोण ऐकतंय? चार वाजेपर्यंत तो काहीच न करता बसून राहिला. मग त्यानं नंबर लावला. तोही पाठ होता.

"हॅलो?" पलीकडं शिलाईचं मशीन चालू होतं.

"सई."

मशीन थांबलं. मग ती म्हणाली, "नंबर कुठून मिळाला?" आवाज जाड झाला होता, सावकाश. त्यानं सांगितलं, आधी तोंडातून शब्द नीट येईनात, मग भराभर आले. शाळेची साइट, दुवा, अर्ज, सतरा दिवसांपूर्वीची नोंद. "कोण ते कळत नाही. कदाचित नुसतं यंत्रच असेल. पण तुला सांगावं म्हणून."

"तू बघितलंस? ते पान?"

"हो."

"आप्पांना सांगितलंस?"

"नाही. कुणालाच नाही. सई, शपथ—"

"शपथ नको. आत्ता कुठं आहेस?"

"साताऱ्यात. ऑफिसात, पोवई नाक्याजवळ."

"ते मला कसं कळणार?"

"व्हिडिओ लावू?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "म्हणजे तुला इथलं दिसेल." तिकडं काहीतरी ओढल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज आला. "खिडकी आहे का?"

"आहे."

"उभा राहा तिथं. दिसतंय ते सांगत राहा. नाका मला माहीत आहे, खोटं बोललास तर कळेल. थांबू नकोस. थांबलास तर तू निघालास असं मी धरीन."

तो खिडकीशी उभा राहिला. अजिंक्यतारा दिसतोय, म्हणाला. वरचा टॉवर. ऊन तिरपं झालंय. नाक्यावरून एक एसटी वळतेय, स्वारगेटची. झेरॉक्सवाला दुकानापुढं पाणी मारतोय. एका बाईनं स्कूटर मधेच लावलीय, मागचे हॉर्न देतायत, ऐकू येतायत? "हं," सई म्हणाली. तिचा श्वास लागत होता. ती चालायला लागली होती. तिच्या चपलांचा आवाज, कुठं तरी म्हशीच्या गळ्यातली घंटा, कुणीतरी हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही. मधेच तिनं दुसऱ्या फोनवर सूरजला सांगितलं, "तू परस्पर ये, घरी जाऊ नकोस." अनीश बोलत राहिला. सांगण्यासारखं संपलं तेव्हा विजेच्या तारा मोजून सांगितल्या, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे रंगासकट सांगितले. एवढं एकसारखं तो तिच्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि यात त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

लोखंडी फाटक करकरलं. म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "आवं सईबाई, आज लय लवकर? शाळा सुटायला येळ हाय की अजून."

"गावाला जायचंय, राहीमावशी. मायाला घ्यायला आले."

"घिऊन जावा की. आन् त्यो तुमचा कागुद म्या रोज बघती बरं का. त्यातलं कुनी आलं न्हाई अजून. आलं तर दाराबाहीरच ठेवीन, काळजी करू नगा."

"माहीत आहे मला, मावशी."

अनीशनं सगळं ऐकलं. बोलणं थांबू न देता ऐकलं. रिक्षा स्टँडवर चौघं उभे आहेत, एकजण पान खातोय, एका पोरीच्या हातात पेरू आहे. मग पळत येणारी पावलं, आणि अगदी जवळ, फोनला नाक लावल्यासारखा एक बारीक आवाज, "आई, फोनवर कोण हाय?"

"कोणी नाही."

"बोलतंय की कुनीतरी."

"चल, उचल पाय."

स्टँडवर पोचायला त्यांना दहा मिनिटं लागली. एसटीची घरघर, फुटाणेवाल्याची आरोळी, मग सूरजचा दबका आवाज, "कोण हाय फोनवर?" आणि सईनं काय सांगितलं ते कळलं नाही. अनीशला एक गोष्ट सांगायची होती, आणि आता नाही तर कधीच नाही हे त्याला दिसत होतं. "सई," तो म्हणाला, "त्या दिवशी गाडीत मी तो रेडिओ—"

"दिसतंय तेवढंच सांग."

"झेरॉक्सवाल्यानं दिवा लावला," तो म्हणाला.

"आता ऐक. गाडी लागतेय. पुढचं तुला कळता कामा नये. फोन तू कापायचा. मी कापला तर तू परत लावशील. तूच काप, आणि लावू नकोस." मग "सांगितलंस ते बरं केलंस," असं ती म्हणाली असावी. मागं इंजिन जोरात होतं, त्याला खात्री नव्हती. त्यानं फोन कानापासून दूर घेतला नाही. बोट लाल खुणेवर होतं, आणि ते बोट त्याचं ऐकत नव्हतं. तिकडं स्टँडवरचा कर्णा खरखरला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शिराळा आगाराची, शिराळ्याहून क—"

त्यानं कापला.

खोलीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत ते अक्षर राहिलं. कराड. कोल्हापूर. कोकरूड. कासेगाव. कवठेमहांकाळ. नावं आपोआप एकापाठोपाठ एक येऊ लागली, पडद्यावरून वाहणाऱ्या फायलींसारखी, आणि पाच दहाला सुटणारी गाडी त्यातली कुठली हे बघायला एक टिचकी पुरेशी होती. वेळापत्रक सगळ्यांसाठी खुलंच असतं. त्यानं संगणकाचं बटण दाबून धरलं तेव्हा पडदा काळा झाला. मग बंद झालेला फोन कानाला लावून तो पुन्हा खिडकीशी उभा राहिला आणि मोठ्यानं सांगू लागला. एसटी वळतेय. पोरीनं पेरू संपवला. पोलीस टोपी काढून घाम पुसतोय. झेरॉक्सवाला वर बघतोय, माझ्याकडं. खाली एक कुत्रं रस्ता ओलांडत होतं. दिसूनही ते त्यानं सांगितलं नाही, आपल्यापाशीच ठेवलं.